मोटारसायकलची कसोटी : यंत्राची निगा आणि स्वाराचे संरक्षण

मोटारसायकल हा शब्द उच्चारताच सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढे वेगाचे चित्र उभे राहते. कर्णकर्कश आवाज, वळणावर जमिनीलगत झुकलेले स्वार आणि क्षणात दृष्टीआड होणारी यंत्रे, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु याच वाहनाचा आणखी एक खेळ असा आहे की, त्यात वेगाला काडीचीही किंमत नाही. इंग्लंडात त्यास ट्रायल, म्हणजे कसोटी, असे म्हणतात. माणूस ज्या गतीने चालतो त्याहूनही पुष्कळदा मंद गतीने, ओढ्यातील गुळगुळीत दगडांवरून, झाडांच्या मुळ्यांवरून, उभ्या कातळावरून आणि चिखलाने माखलेल्या चढावरून मोटारसायकल न्यावयाची, आणि तीही पाय जमिनीस न लावता, असा हा खेळ आहे.

याचे नियम थोडके आहेत. मार्गावर ठिकठिकाणी खुणा करून अवघड टप्पे आखलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यावर एक निरीक्षक उभा असतो. स्वाराने एकदाही पाय न टेकता टप्पा पार केला, तर दंड शून्य. एकदा पाय टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, तीनदा किंवा त्याहून अधिक वेळा टेकला तर तीन. स्वार पडला किंवा खुणांच्या बाहेर गेला, तर पाच. दिवसाअखेर ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजयी. गुणांची कमाई येथे नाहीच; असलेले राखण्याचाच काय तो प्रश्न आहे.

या खेळाची परंपरा बरीच जुनी आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील प्रसिद्ध सहा दिवसांच्या कसोटीचा उगम १९०९ सालचा. यॉर्कशरमध्ये आल्फ्रेड अँगस स्कॉट या मोटारसायकल कारखानदाराने १९१४ साली आपल्या कामगारांसाठी जी चढाओढ सुरू केली, तिचीच पुढे स्कॉट ट्रायल झाली. या खेळाच्या जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९७५ साली सुरू झाली आणि पहिला मान यॉर्कशरच्याच मार्टिन लँपकिन याने मिळविला. स्पेनच्या टोनी बो याने तर २००७ पासून २०२४ पर्यंत सलग अठरा वर्षे खुल्या मैदानावरील अजिंक्यपद आपल्या हातून जाऊ दिले नाही.

या दीर्घ काळात स्वारांचे कौशल्य जसे वाढले, तसे यंत्रही पालटले. बेलफास्टच्या सॅमी मिलर या स्वाराने पाचशे सीसीच्या एरियल मोटारसायकलीचा एकेक भाग हलका करीत नेऊन १९६४ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची कसोटी जिंकली. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस तो बार्सिलोना येथील बुल्टाको कारखान्याकडे गेला आणि त्याच्या सल्ल्याने शेर्पा नावाची सुमारे अडीचशे सीसीची हलकी मोटारसायकल तयार झाली. तिचे वजन शंभर किलोहूनही कमी होते. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६५ साली, मिलरने तीच स्कॉटिश कसोटी या नव्या यंत्रावर जिंकली आणि जड यंत्रांचा काळ संपला. आजचे कसोटीचे यंत्र तर सत्तर किलोंच्या आसपास असते. त्यास बसण्याची जागा नाही, कारण स्वार सबंध वेळ पायटेकण्यांवर उभाच असतो. पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरांची. जे काही काढून टाकता येण्यासारखे होते, ते सर्व काढून टाकलेले आहे.

वजनाची ही काटकसर करताना एक गोष्ट ओघानेच घडली. ज्या यंत्रात अनावश्यक असे काही उरलेले नाही, त्यातील प्रत्येक भाग आवश्यक होऊन बसतो. जड आणि दणकट यंत्र थोडेसे दुर्लक्ष खपवून घेते. हलके यंत्र ते खपवून घेत नाही. म्हणून जाणत्या स्वाराचा खरा दिवस टप्प्यावर सुरू होत नाही. तो आदल्या संध्याकाळी, हातात पाना आणि फडके घेऊन सुरू होतो.

पहिली गोष्ट टायरमधील हवेची. साध्या मोटारसायकलीच्या चाकात दर चौरस इंचास तीस पौंडांच्या आसपास दाब असतो. कसोटीच्या यंत्राच्या मागील चाकात तो चार पौंडांच्या आसपास आणि पुढील चाकात त्याहून एक-दोन पौंड अधिक ठेवतात. टायर मऊ असले म्हणजे ते दगडाच्या उंचसखलपणावर पसरते आणि त्यास धरून राहते. दाब थोडा वाढला तर चाक घसरते, थोडा उतरला तर धातूची कड दगडावर आपटून चेपते. सर्व खेळ एका पौंडाच्या अंतराचा असल्यामुळे त्यासाठी लहान आकड्यांचे वेगळे मापक वापरावे लागते.

दुसरी गोष्ट हवेच्या गाळणीची. एंजिनात जाणारी हवा तेलात भिजविलेल्या स्पंजातून गाळून जाते. हा स्पंज वेळोवेळी धुऊन, पूर्ण वाळवून, पुन्हा तेल लावून बसवावा लागतो. तो फाटला किंवा नीट बसला नाही, तर धूळ आत शिरून दट्ट्या आणि नळकांडे खरवडून काढते. स्वारी आटोपल्यावर यंत्र धुताना सायलेन्सरचे तोंड आणि हवेची वाट बुच लावून बंद करावी, आणि पाण्याचा जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर मारू नये. कारण त्याने वंगण निघून जाते आणि त्याच्या जागी पाणी राहते. धुतलेले यंत्र बाहेरून चकाकते आणि आतून गंजते, असा प्रकार होऊ शकतो.

साखळीला तेल द्यावे, परंतु ते ब्रेकच्या तबकडीवर उडणार नाही याची काळजी घ्यावी. तेलाचा एक थेंब ब्रेक निकामी करण्यास पुरेसा होतो. चाकाच्या तारांवर पान्याने हलकेच टिचकी मारावी. घट्ट तार खणखणीत वाजते, ढिली तार बद्द आवाज करते, आणि हा भेद कानाला लवकरच कळू लागतो. वेग देणारी मूठ सोडताच झटकन आपल्या जागी परतते की नाही, हे हँडल डाव्या टोकास आणि उजव्या टोकास वळवून पाहावे. कातळाच्या माथ्यावर अडकून राहिलेली मूठ म्हणजे स्वाराच्या हाती नसलेले एंजिन होय.

येथे यंत्राची निगा आणि शरीराचे रक्षण यांच्यामधील सीमारेषा पुसली जाते. ब्रेक आणि क्लचचे दांडे हँडलवर अगदी आवळून बसवीत नाहीत. पडल्यावर ते फिरावेत आणि मोडू नयेत, हा त्यातील हेतू. त्यांची टोके गोल गुंडीसारखी असतात आणि हँडलची तोंडे बंद केलेली असतात, कारण उघडी नळी मांसात घुसते. मागील दंतचक्रावर आच्छादन असलेच पाहिजे. चिखलात रुतलेले यंत्र हाताने ओढून काढताना साखळी आणि दंतचक्र यांच्यामध्ये बोट सापडले, तर ते कायमचे गमावण्याची पाळी येते. स्वाराच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते आणि तिच्या टोकाचे लोहचुंबक हँडलजवळील खटक्यावर बसलेले असते. स्वार फेकला गेला की चुंबक सुटते आणि एंजिन तत्क्षणी बंद पडते. दोरी मनगटात अडकविण्यास दोन सेकंद लागतात. ती न अडकविल्यास गरगर फिरणारे मागचे चाक पडलेल्या स्वारावर येऊ शकते.

एवढे असूनही कित्येकांच्या मनात एक शंका येतेच. जेथे गती पायी चालणाराइतकी मंद, तेथे शिरस्त्राणाचे प्रयोजन काय? ही शंका स्वारांच्याही मनात दीर्घकाळ होती. १९६० च्या दशकातील छायाचित्रांत नामांकित स्वार उघड्या डोक्याने किंवा साधी कापडी टोपी घालून कातळ चढताना दिसतात. परंतु गणित वेगळे सांगते. वाहनाची गती शून्य असली, तरी उंचीची गती शून्य नसते. पायटेकण्यांवर उभ्या असलेल्या स्वाराचे डोके जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीस लागताना तिचा वेग ताशी बावीस-तेवीस किलोमीटर होतो. यंत्र दोन मीटर उंच शिळेवर असेल, तर तोच वेग ताशी बत्तीसच्या घरात जातो, आणि खाली गवत नसते, दगड असतो.

शिरस्त्राणाचे महत्त्व पटविणारा मनुष्य कोणी क्रीडापटू नव्हता. १९३५ सालच्या मे महिन्यात इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स हा प्रख्यात पुरुष, दोन सायकलस्वार मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात मोटारसायकलीवरून फेकला गेला आणि सहा दिवस बेशुद्ध राहून मरण पावला. त्याच्यावर उपचार करण्यास गेलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शस्त्रवैद्य होता. पुढे युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटारसायकलींवरील २२७९ माणसे रस्त्यावर प्राणास मुकली. डोक्याची इजा हेच त्यांतील मुख्य कारण असल्याचे केर्न्सने १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या संदेशवाहक स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सर्व नागरिकांसाठी तसा कायदा होण्यास मात्र १९७३ साल उजाडले. पुरावा आणि सवय यांच्यामध्ये बत्तीस वर्षांचे अंतर पडले.

कसोटीचे शिरस्त्राण तोंडापुढे उघडे, वजनाला हलके आणि हवा खेळती ठेवणारे असते, कारण स्वार दिवसभर अंगमेहनत करीत असतो आणि जड साधन तो दुपारपर्यंत काढून ठेवील. त्याच्या कठीण कवचाखाली थर्मोकोलसारखा थर असतो. आघात झाला की हा थर स्वतः चेपतो आणि डोक्याचा धक्का आपल्यावर घेतो. मात्र एकदा चेपलेला थर पूर्ववत होत नाही. म्हणून जबर आघात सोसलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी बदललेच पाहिजे. बूट घोट्यास घट्ट धरणारे, पण तळाला लवचीक हवेत, कारण त्यांतूनच स्वाराला यंत्राची चाहूल लागते. पायटेकण्यांना धार असलेले दाते असतात. ते नडगीवर बसले म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या ढालींचे मोल कळते. सदऱ्याखाली पाठीचे कवच घालावे आणि हातमोजे पातळ असावेत.

पुण्यात २०१९ च्या आरंभी हेल्मेटची सक्ती कडक झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध मोठी ओरड झाली. गावात वाहन हळू चालते, मग डोक्यावर हा भार कशाला, असा युक्तिवाद त्या वेळी ऐकू येई. वस्तुतः १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ही गोष्ट आधीच सांगितलेली होती. हळू चालणाऱ्या वाहनावरून पडणे म्हणजे काय, हे कसोटीच्या स्वाराइतके कोणासही ठाऊक नाही, कारण तो पडण्याचा रोज सराव करतो. आणि तोच स्वार शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली अडकविल्याशिवाय यंत्र सुरू करीत नाही.

स्कॉटलंडच्या त्या सहा दिवसांत रात्री यंत्रे बंद आवारात ठेवली जातात आणि दुरुस्तीला लागणारा वेळ स्वाराच्या दिवसाच्या वेळातूनच जातो. ज्याने घरून निघण्यापूर्वी तारा वाजवून पाहिल्या, मूठ तपासली आणि स्पंज धुतला, त्याचा तो वेळ वाचतो, आणि चढाच्या पायथ्याशी त्याचे मन यंत्राच्या शंकेत गुंतलेले नसते. मन मोकळे असले म्हणजेच तोल सांभाळता येतो, आणि तोल सांभाळला म्हणजे पाय जमिनीस लागत नाही.