आधी ब्रेक, मग एसी : जुनी गाडी, कमी पैसे आणि कामांचा क्रम

आजचा भाग कोडिंगवर नाही, इंटरव्ह्यूवर नाही, आजचा भाग गाडीवर आहे. नवीन गाडीवर नाही हां. रिव्ह्यू वगैरे काही नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी बाबांनी घेतलेली, बारा-चौदा वर्षं जुनी जी गाडी उभी असते ना, तिच्याबद्दल. तिच्यात एकदम दहा कामं निघतात आणि खिशात दोन-तीन कामांचेच पैसे असतात. मग आधी काय करायचं?

मी हा प्रश्न चुकीचा सोडवला होता. म्हणून सांगतोय.

आमची गाडी 2011 ची हॅचबॅक. बाबा वाईला असतात, गाडी तिकडेच. मी पुण्यात. गेल्या वर्षी जानेवारीत माझी नोकरी गेली. दोन महिन्यांनी दुसरी लागली, पण पगार कमी. त्यात एज्युकेशन लोनचा हप्ता चालूच. आणि त्याच सुमारास आईची केमो सुरू झाली, पुण्याला, दर तीन आठवड्यांनी. म्हणजे मी रविवारी रात्री एसटीने वाईला जायचो आणि सोमवारी पहाटे आई-बाबांना गाडीत घालून पुण्याला आणायचो. साधारण नव्वद किलोमीटर, मध्ये खंबाटकी.

एप्रिलमध्ये गाडी गॅरेजला दाखवली. बाबांच्या ओळखीचे काका आहेत, त्यांनी वहीच्या पानावर यादी करून दिली. ती यादी तशीच वाचून दाखवतो. पुढचे ब्रेक पॅड 2,400. ब्रेक ऑइल 600. चार टायर 14,000. पुढचे बॉल जॉइंट 3,200. कूलंटचा पाइप आणि कूलंट 1,500. क्लच सेट 8,500. बॅटरी 4,300. एसीचा कॉम्प्रेसर 9,500. पुढचा बंपर, डेंटिंग-पेंटिंग 5,500. एकूण 49,500.

माझ्याकडे होते 18,000.

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, ब्रेक करायचे. ऐकताना सोपंच वाटतं. पण मे महिना तोंडावर होता. केमोनंतर आईला गाडीत मळमळायचं, गरम हवा अजिबात सहन व्हायची नाही. ब्रेक तर लागत होते की! थोडा आवाज यायचा, एवढंच. मी काकांना म्हटलं, "काका, आधी एसी करून द्या, बाकीचं पुढच्या महिन्यात बघू." काका म्हणाले, "बघ बाबा, ब्रेकचं जास्त लांबवू नको." मी हो म्हटलं आणि निघालो. 9,500 एसीला गेले.

पुढच्या फेरीला आई खूश होती. गार हवा, मागच्या सीटवर उशी. सातारा बाजूने येताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतार आणि वळणं लागतात, ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना माहीत आहे. पुढे ट्रकची रांग होती, माझा पाय सतत ब्रेकवर. आणि एका क्षणी पेडल मऊ लागलं. म्हणजे ओल्या स्पंजवर पाय दिल्यासारखं. दाबतोय, खाली जातंय, पण गाडी हवी तशी थांबत नाहीये.

मी तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला, पेडल दोन-तीनदा पटापट दाबलं, वेग कमी झाला, डावीकडे जागा बघून गाडी कडेला घेतली. आई मागून म्हणाली, "काय झालं रे?" मी म्हटलं, "काही नाही गं, गाडी जरा गरम झालीये." एसी चालूच होता. आईने वरची पट्टी घट्ट धरली होती, हे मला आरशात दिसलं.

अर्धा तास थांबलो. मग हळूहळू शिरवळ गाठलं, तिथल्या एका गॅरेजमध्ये चाक उघडलं. पॅड जवळपास पत्र्यापर्यंत आलेले आणि ब्रेक ऑइल काळ्या चहासारखं. 3,400 रुपये झाले. हॉस्पिटलला आम्ही दोन तास उशिरा पोचलो.

झालं काय होतं ते सांगतो, कारण हे समजलं की क्रम आपोआप समजतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवीन डॉट 3 ऑइल 205 अंशांच्या वर उकळतं. त्यात पाणी मुरलं की तोच आकडा 140 च्या आसपास येतो. पॅड झिजून पातळ झाले की चाकाची उष्णता ऑइलपर्यंत जास्त पोचते. उतारावर सतत ब्रेक मारला, ऑइल तापलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला तर दाब पुढे जातो. वाफ दाबली तर ती फक्त आकसते. म्हणून पेडल मऊ. थंड झालं की परत ठीक वाटतं, आणि माणूस म्हणतो, काही नाही, ब्रेक लागतायत की!

त्या रात्री मी काकांची यादी परत काढली. ऑफिसमध्ये आपण बग आले की काय करतो? सगळे एकदम सोडवत नाही. पी-झीरो, पी-वन अशी प्रायॉरिटी लावतो. कोण जास्त ओरडतंय ते बघायचं नसतं, न केल्यास काय होईल ते बघायचं असतं. एसी सगळ्यात जास्त ओरडत होता. ब्रेक बिचारा नुसता कुरकुरत होता.

तर माझे चार कप्पे असे आहेत.

पहिला कप्पा : गाडी थांबते का, वळते का, दिसते का. म्हणजे ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि बॉल जॉइंट, हेडलाइट, ब्रेकलाइट, वायपर. यात तडजोड नाही. टायरचं कसं बघायचं? खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं म्हणजे 1.6 मिलिमीटर उरलं, टायर संपला. आणि बाजूला डॉट लिहिलेल्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. खोबण दिसत असली तरी रबर म्हातारं होतं, कडेला चिरा पडतात. चारही टायरचे पैसे नसतील तर सगळ्यात वाईट दोन आधी बदला. आणि नवी जोडी मागे टाका, पुढे नाही. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी सावरणं फार अवघड जातं.

दुसरा कप्पा : आज स्वस्त, उद्या महाग. आमचा कूलंटचा पाइप बघा. काम 1,500 चं. तो फुटला, इंजिन तापलं आणि आपण "थोडंच राहिलंय" म्हणत गाडी चालवत राहिलो, तर हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं आणि बिल दहा-वीस पट होतं. इंजिन ऑइल याच कप्प्यात. टायमिंग बेल्टसुद्धा. काही गाड्यांना बेल्ट असतो, काहींना चेन, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांमध्ये पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. टेंपरेचरचा किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची, घर दोन किलोमीटरवर असलं तरी. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, प्लीज.

तिसरा कप्पा : रस्त्यात अडकवणाऱ्या गोष्टी. बॅटरी, क्लच, सेल्फ. यात जीव जात नाही, वेळ जातो. इथे थोडी वाट बघता येते, पण लक्ष ठेवून. आमची बॅटरी सकाळी कुंथायची, म्हणून मी डिकीत जंपर केबल ठेवली. क्लच कडक झाला होता, पण घसरत नव्हता. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला आणि नुसता इंजिनचा आवाज वाढला, वेग वाढला नाही, तर समजायचं क्लच घसरतोय. मग घाट असलेल्या माणसाने वाट बघू नये.

चौथा कप्पा : आराम आणि दिसणं. एसी, बंपर, म्युझिक सिस्टम, पॉवर विंडो. हे वाईट खर्च नाहीत. फक्त त्यांचा नंबर शेवटचा.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. मी त्या 18,000 चा हिशोब परत केला. पॅड आणि ऑइल 3,000. पाइप 1,500. बॉल जॉइंट 3,200. दोन टायर 7,000. किती झाले? 14,700. म्हणजे पहिले दोन कप्पे जवळपास पूर्ण झाले असते आणि 3,300 हातात उरले असते. पैसे कमी नव्हते हो. क्रम चुकला होता.

प्रत्यक्षात काय झालं? एसीचे 9,500, शिरवळचे 3,400. उरले 5,100. त्यात पाइप आणि बॉल जॉइंट केले. राहिले 400. टायर तसेच, 2017 चे, कडेला चिरा पडलेले. मग मी ठरवलं, टायर येईपर्यंत गाडी हायवेवर न्यायची नाही. दुरुस्तीचे पैसे नसतील तेव्हा गाडी उभी ठेवणं हाही एक पर्याय असतो, फक्त तो आपल्याला कमीपणाचा वाटतो. पुढच्या केमोसाठी चुलतभावाकडे गाडी मागायला मला चार दिवस लागले. फोन हातात घ्यायचो, ठेवायचो. शेवटी केला. तो म्हणाला, "अरे, एवढंच ना? आधी का नाही बोललास?"

काही छोट्या, कामाच्या गोष्टी सांगतो.

एक, मिस्त्रींना "किती होतील?" याच्या आधी विचारा, "हे तीन महिने नाही केलं तर काय होईल?" चांगला मिस्त्री सरळ उत्तर देतो. आणि जुना पार्ट डोळ्यांनी बघा, लाज वाटून घेऊ नका.

दोन, खोलण्याची मजुरी एकदाच द्या. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंग तेव्हाच बदला. टायमिंग बेल्ट काढलाय तर वॉटर पंपही बघून घ्या.

तीन, जुन्या बाजारातून काय घ्यायचं? आरसा, टेललॅम्प, दाराचं हँडल, खिडकीची मोटर बिनधास्त घ्या. ब्रेकचे पार्ट, टायर, बेल्ट कधीच नाही.

चार, ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. फोनवर ॲप टाका, चेक इंजिनचा कोड स्वतः वाचा. पण कोड म्हणजे स्टॅक ट्रेस आहे. गडबड कुठे दिसली ते सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते नाही. पी 0301 आला म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टरही असेल. आणि तो दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच पळवू नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाऊ शकतो, तो फार महाग.

पाच, कागद. थर्ड पार्टी इन्शुरन्स संपू देऊ नका. तो कायद्याने लागतोच, आणि तो नसताना कोणाला लागलं तर भरपाई आपल्या घरातून जाते. पीयूसी पण वेळेवर. गाडी 15 वर्षांची झाली की रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल 2022 मध्ये कारसाठी त्याची फी 5,000 झाली होती, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. त्यामुळे चौदाव्या वर्षी मोठा खर्च काढण्याआधी घरात बसून ठरवा, ही गाडी पुढे ठेवायची आहे का? ठेवायची नसेल तर बंपरला रंग कशाला?

आमच्या गाडीचं पुढे काय झालं? जूनच्या पगारात दोन टायर घेतले, ऑगस्टमध्ये उरलेले दोन. दिवाळीत बॅटरी. क्लच अजून चालतोय, त्याच्यासाठी महिन्याला हजार बाजूला टाकतो. बंपर अजून तसाच, एका बाजूने लटकलेला. आईची केमो संपली, आता तपासणीला तीन महिन्यांनी यायचं असतं.

मागच्या खेपेला खंबाटकीच्या उतारावर मी आईला सांगितलं, त्या दिवशी नक्की काय झालं होतं ते. ती म्हणाली, "मला कळलं होतं रे. तू घाबरू नयेस म्हणून गप्प बसले." मग थोड्या वेळाने म्हणाली, "एसी जरा कमी कर, गार वाजतंय." (हसतो)

तर मंडळी, घरच्या गाडीची यादी काढा, चार कप्प्यांत टाका. आणि आज नुसतं खाली जाऊन टायरवरचे ते चार आकडे बघा. एका मिनिटाचं काम आहे. कोणतं साल निघालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत घाटात उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवा, न्यूट्रल नको. काळजी घ्या!