उभ्या गाडीचे नुकसान आणि विम्याचा हक्क

(मंडळाच्या मार्गदर्शन वर्गात दिलेले भाषण)



आजचा विषय साधा वाटेल, परंतु तो आपल्या दाराशी येऊन उभा राहिलेला आहे. आपल्यापैकी कोणी बँकेचे कर्ज काढून टुरिस्ट टॅक्सी घेतली आहे, तर कोणाचा मुलगा घरोघरी पार्सल पोहोचविणारा टेम्पो चालवतो. टेम्पो मागे घेताना उभ्या गाडीला धडकतो आणि मग काय होते? मोठ्याने भांडण होते, त्या पोराच्या खिशातले पाचशे रुपये काढून घेतले जातात आणि प्रकरण मिटते. गाडीवाल्याचे नुकसान भरून निघत नाही आणि पोराचा दिवसाचा रोज जातो. ज्याच्यावर जबाबदारी आहे तो मात्र सुटतो.

ही जबाबदारी कोणाची, हे कायद्याने ठरवून दिले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि कलम १४७ प्रमाणे त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही येते. आपली उभी गाडी ही अशी मालमत्ता होय. म्हणून चूक टेम्पोचालकाची असेल, तर भरपाईसाठी टेम्पोचा मालक व त्याची विमा कंपनी यांच्याकडे दाद मागता येते. पार्सल कंपनी पुष्कळदा म्हणते, "गाडी आमची नाही, ठेकेदाराची आहे." अशा वेळी वाद घालत बसू नका. आर.सी. बुकावर नाव कोणाचे आहे ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला आहे.

आता प्रत्यक्षात काय करावे?

पहिली गोष्ट, गाडी हलवण्याआधी फोटो काढा. दोन्ही गाड्यांचे नंबर, धक्क्याची जागा आणि आजूबाजूचा रस्ता फोटोत दिसला पाहिजे. चालकाचे नाव, लायसन्स, मालकाचे नाव आणि विम्याची पॉलिसी टिपून घ्या. चालक निघून गेला असेल तर सोसायटीच्या किंवा शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण त्याच दिवशी मागा, कारण काही दिवसांनी ते आपोआप पुसले जाते.

दुसरी गोष्ट, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या व त्याची शिक्का मारलेली प्रत घ्या.

तिसरी गोष्ट, आपल्या विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी दुरुस्तीला घेऊ नका. आधी दुरुस्ती केली तर नुकसान सिद्ध करणे अवघड होते.

चौथी गोष्ट, रोख रक्कम घेऊन "तक्रार नाही" असे लिहून देऊ नका. तसे लिहून दिल्यावर आपलाच दावा लंगडा पडतो. आपल्या कंपनीकडून पैसे घेतल्यावर तेच नुकसान दुसऱ्याकडून पुन्हा वसूल करणे हेही योग्य नाही. कापून गेलेली रक्कम मात्र समोरच्या मालकाकडे मागता येते.

येथे थोडा हिशेब समजून घ्या. आपल्या पॉलिसीवर क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि पुढे २५, ३५, ४५ असा वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. शिवाय १५०० सी.सी. पर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट आहे आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. समजा, बंपरचे ४,००० आणि मजुरीचे २,००० असे ६,००० रुपयांचे बिल झाले. बंपरचे २,००० आणि वजावटीचे १,००० गेले, हातात ३,००० आले. आपल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० असून त्यावर ५० टक्के बोनस मिळत असेल, तर पुढच्याच वर्षी ४,००० रुपये जादा भरावे लागतील. म्हणजे क्लेम करून तोटाच झाला. बिल चाळीस हजारांचे असेल तर मात्र क्लेम अवश्य करावा. घसारा न कापण्याची किंवा बोनस टिकविण्याची जादा सोय पॉलिसीत घेतली असेल तर हिशेब बदलतो, म्हणून आधी पॉलिसी वाचा.

ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी आहे, त्यांना स्वतःच्या कंपनीकडून दुरुस्तीचा एक पैसाही मिळत नाही. त्यांनी टेम्पोच्या मालकाला व त्याच्या विमा कंपनीला लेखी मागणी करावी. दाद मिळाली नाही तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा. तेथे वेळ लागतो, हे खरे आहे. म्हणून लहान नुकसानीत मालकाशी लेखी तडजोड करणे शहाणपणाचे ठरते. मात्र ती मालकाशी करावी, पोराच्या खिशाशी नव्हे.

स्वतःच्या कंपनीने क्लेम विनाकारण अडवला तर प्रथम तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

शेवटी जे तरुण गाडी चालवतात त्यांना सांगतो. धक्का लागला तर पळू नका. कलम १३४ प्रमाणे चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत कळवले पाहिजे आणि विमा कंपनीलाही माहिती दिली पाहिजे. तसे न करणे हा गुन्हा आहे. गाडीचा मालक तेथे नसेल तर काचेवर नाव व फोन नंबर लिहून ठेवा आणि आपल्या मालकाला लगेच सांगा. कामावर रुजू होतानाच गाडीचा विमा चालू आहे का, हे विचारून घ्या. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की विम्याची मुदत कळते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या आईवडिलांची पॉलिसी आज घरी गेल्यावर काढा आणि त्यांना वाचून दाखवा. हप्ता आपण दरवर्षी भरतो, पण कागद पेटीतून बाहेर काढत नाही. तो वाचणारा घरात एक जण जरी असला, तरी रस्त्यावरचे भांडण टळेल आणि हक्काची भरपाई मिळेल. एवढे सांगून मी माझे भाषण संपवतो.