शेपटीविना विमान

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या कारखान्यात बनलेलं पहिलं तेजस मार्क वन-ए लढाऊ विमान नाशिकच्या आकाशात झेपावलं. त्याचा फोटो नीट पाहिलेल्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. मागं उभा पर आहे, पण आडवी शेपटी नाही. याच ओझरला पूर्वी मिग-२१ बनायची. त्यांना आडवी शेपटी होती. सिन्नरच्या काही तरुणांना आता प्रश्न पडलाय, की एका माणसापुरतं हलकं विमानसुद्धा असं बिनशेपटीचं करता येईल का? आजचा विषय निवडला तो त्यामुळंच.

आधी शेपटीचं काम समजून घेऊ. विमानाच्या नेहमीच्या फुगीर पंखाचा स्वभाव नाक खाली घालण्याचा असतो. आडवी शेपटी मागून दाबून धरते, म्हणून तोल राहतो. शेपटी काढली तरी ते काम शिल्लक राहतंच. तेजसमध्ये ते संगणक करतो, क्षणोक्षणी. हलक्या विमानात पाइप, कापड, छोटं इंजिन आणि एक माणूस. तिथं पंखानंच स्वतःला सावरायचं.

कसं सावरायचं, हे शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. वहीच्या कागदाचं विमान घ्या. त्याला शेपटी कुठं असते? पुढच्या टोकाला घडीवर घडी घालतात, म्हणजे वजन पुढं जातं. नुसतं एवढंच केलं तर ते सरळ जमिनीत घुसतं. मग पोरगं काय करतं? पंखाची मागची कड बोटानं जराशी वर वळवतं, अगदी गव्हाच्या दाण्याएवढी. आता तेच विमान वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तरंगत जातं. कड जास्त वळवली तर नाक वर करून थबकतं आणि कोसळतं. वजन पुढं, मागची कड वर. पुन्हा सांगतो, वजन पुढं, मागची कड वर. बिनशेपटीच्या विमानाचं निम्मं शास्त्र यात आलं. आज घरी करून पाहा. कड वळवण्याआधी एकदा आणि वळवल्यावर एकदा उडवा.

उरलेलं निम्मं म्हणजे पंखाची टोकं. पंख मागं झुकवला, की टोकं आपोआप मागं जातात. ती थोडी पिळून पुढची कड खाली केली, की तीच शेपटीचं काम करू लागतात. ब्रिटिश लष्करी अधिकारी जॉन विल्यम डन यांनी १९१० सालीच हे दाखवलं. त्यांचं विमान इतकं शांत उडे, की हात सोडून त्यांनी हवेत कागदावर टिपणं केली! पाहणाऱ्यांत राइट बंधूंपैकी ऑर्व्हिल होते. पुढं १९७०च्या दशकात अमेरिकेत डॉन मिचेल यांनी बी-१० हा बिनशेपटीचा पंख केला. त्यावर इंजिन बसवून लोकांनी हौसेची विमानं उडवली. आपल्याकडं डीआरडीओचं बिनशेपटीचं, वैमानिकाविना उडणारं विमान १ जुलै २०२२ रोजी चित्रदुर्गला उडालं.

कामशेतला पॅराग्लायडर पाहणारे म्हणतील, त्यालाही शेपटी नसते. खरंय, पण तिथं माणूस दोऱ्यांना खूप खाली लटकलेला असतो. तो हिशेब वेगळा.

आता थोडं रागावतो. असं विमान करायचं म्हणणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, इंजिन किती अश्वशक्तीचं घेऊ? वजनाचा मध्य कुठं येतो, हे कुणी विचारत नाही. शेपटीच्या विमानात तो मध्य थोडा पुढंमागं झाला तरी चालतं. बिनशेपटीच्या विमानात मुभा फार थोडी. पेट्रोलची टाकी चार बोटं मागं सरकली, तर सगळी गणितं बदलतात. सिन्नरच्या मुसळगाव-माळेगाव औद्योगिक वसाहतींत सुबक वेल्डिंग करणारे हात पुष्कळ आहेत. पण सुबक वेल्डिंगनं तोल येत नाही. तोल आधी कागदावर, मग काट्यावर.

वेळ संपत आली, उतरण्याचं राहूनच गेलं. थोडक्यात सांगतो. उतरताना वेग कमी करायला इतर विमानं पंखाची मागची झडप खाली सोडतात. इथं ती सोडली तर नाक खाली जातं. म्हणून पंख मोठा घ्यावा लागतो, नाहीतर वेगानं उतरावं लागतं. शेपटीचं वजन वाचलं, ते असं परत खर्च होतं.

घरी विमान करता येतं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. त्याला शेपटी आहे, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा उडवण्याचा परवाना मिळायला २०१९ साल उजाडलं. तेव्हा सिन्नरच्या मंडळींनी आधी थर्मोकोलचं, हातानं फेकायचं मॉडेल करावं, इंजिनाचे पैसे शेवटपर्यंत राखून ठेवावेत, आणि परवान्याशिवाय माणूस बसवून काहीही उडवू नये.