सीमाप्रश्नावर लिहू नका, रेशनच्या कागदावर लिहा

(निबंध स्पर्धेआधीच्या कार्यशाळेत केलेलं भाषण)



निबंध म्हटलं की आपल्याकडं विषय ठरलेलाच असतो की. 1956, महाजन आयोग, 2004 चा सर्वोच्च न्यायालयातला दावा. मीही तेच केलेलं. ‘माझ्या आयुष्यातला एक प्रसंग’ असा विषय होता आणि मी सहा पानं सीमालढा लिहिला. सरांनी वही परत देताना विचारलं, "सगळं खरं आहे गं, पण यात तू कुठं आहेस?"

राग आला. घरी येऊन धुमसत बसले. मग आठवला रेशन दुकानाच्या दारावरचा कागद.

आजीला मराठी वाचता येतं, दुधाचा हिशेब ती स्वतः लिहिते. कागद कन्नडमध्ये होता. "काय लिवलंय गं ह्यात?" म्हणाली. मी शाळेत कन्नड शिकलेली, मार्कही चांगले. घाईत ‘मुंदिन वार’ हे दोन शब्द वाचायचेच राहिले. म्हणजे पुढचा आठवडा. आजी उन्हात पिशवी घेऊन गेली आणि रिकामी परत आली. मला काहीच बोलली नाही. मी मात्र चारचौघांत कागदाच्या भाषेला दोष दिला, माझी चूक सांगितली नाही.

वैयक्तिक निबंधाचा विषय तिथं होता. आपण शूर दिसतो तो प्रसंग घेऊ नका. ज्याचं उत्तर अजून आपल्यालाच सापडलेलं नाही, तो घ्या. आणि घरच्या माणसाबद्दल लिहिणार असाल तर आधी त्याला विचारा.

आता पटवून देणारा निबंध. ‘सीमाभागात मराठीला न्याय मिळावा’ हे शीर्षक निपाणीचा मुलगा लिहील, बिदरची मुलगीही लिहील. वाचून नेमकं कुणी काय करायचं? मी विषय बारीक केला: तालुका कचेरीतले अर्ज कन्नडबरोबर मराठीतही छापावेत. आता समोर वाचणारा अधिकारी दिसायला लागला.

माझ्या कन्नड मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, "साहेबांना मराठी येत नसेल तर भरलेला अर्ज वाचणार कोण?" दोन दिवस उत्तर सुचलं नाही. शेवटी मागणीच बदलली: एकाच कागदावर दोन्ही भाषांत रकाने, म्हणजे भरणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही कळेल. विरोध करणारं माणूस ज्या विषयावर भेटत नाही, तो विषय मला तरी कच्चा वाटतो.

कायद्याचं एक सांगते, कारण आपण सगळे इथं घसरतो. संविधानातलं कलम 350क कुठंही चिकटवतात. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलेलं ते कलम भाषिक अल्पसंख्याक मुलांच्या मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाबद्दल आहे. कचेरीशी जवळचं आहे ते साधं कलम 350: तक्रारीचं निवेदन संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. पण तेही छापील अर्ज मराठीत द्या असं म्हणत नाही. तेवढं अंतर आपल्याला युक्तिवादानं भरायचं असतं. विषय लहान असला की हे अंतर दिसतं. सहा पानांच्या सीमालढ्यात मला ते दिसलंच नव्हतं.

पहिला निबंध देण्याआधी आजीला वाचून दाखवला. माझ्या चुकीचा भाग आला तेव्हा ती हसली. मग म्हणाली, "तांदूळ कशाला लिवलीस? त्या महिन्यात जोंधळं होतं."

खोडून जोंधळे केलं आणि दिला.