डोळ्यात रक्त दिसलं, आता गोळी थांबवायची का?

आजचा भाग घरातल्या मोठ्या माणसांबद्दल आहे, पण ऐकायचाय तुम्ही. कारण सकाळी आरशात डोळा लालभडक दिसला, की आई-बाबा किंवा आजी-आजोबा फोटो काढून आधी तुम्हालाच पाठवतात. वर एक प्रश्न असतो, "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, आज घेऊ की नको?"

तुमचं त्यावरचं उत्तर फार महत्त्वाचं ठरू शकतं. मी डॉक्टर नाही. पण घरात अशा गोळीवरचं माणूस असल्यामुळे हा विषय मला शिकावा लागला.

आधी डोळ्याकडे बघू. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो, त्यात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. जोराची शिंक, खोकल्याची उबळ, उलटी, शौचाला कुंथणं, जड सामान उचलणं, डोळा चोळणं, यातल्या कशानेही त्यातली एखादी फुटू शकते. कधीकधी कारण सापडतच नाही. रक्त त्या पापुद्र्याखाली पसरतं आणि पांढऱ्यावर लाल डाग दिसतो. रक्त अगदी थोडं असतं, पण मागे पांढराशुभ्र पडदा असल्यामुळे भयंकर दिसतं. हे गोळी न घेणाऱ्यांनाही होतं. गोळी चालू असेल तर शक्यता वाढते आणि डाग जरा मोठा पडतो, एवढंच.

या डागाच्या दोन गोष्टी माहीत असल्या की घाबरायला होत नाही. एक, पहिल्या एक-दोन दिवसांत तो वाढल्यासारखा दिसू शकतो, कारण साठलेलं रक्त पसरतं. दोन, अंगावर मार लागला की कातडी काळी-निळी पडते, पण हा डाग लालच राहतो. पापुद्रा इतका पातळ असतो की हवेतला ऑक्सिजन आतल्या रक्तापर्यंत पोचतो. मग डाग हळूहळू पिवळसर होतो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत जातो. त्यावर खास औषध लागत नाही.

डोळे येणं वेगळं. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीत आणि मग पुण्यात साथ आली होती, आठवतंय ना? त्यात डोळ्यातून पाणी, चिपडं, खाज, सकाळी पापण्या चिकटलेल्या. इथे यातलं काही नसतं. नुसता लाल डाग, बहुतेक वेळा एकाच डोळ्यात, आणि तो संसर्गजन्य नसतो. त्यामुळे मेडिकलमधून मनाने ड्रॉप्स आणू नका. स्टेरॉइड असलेले तर नकोच.

आता गोळीकडे. "रक्त पातळ करणारी गोळी" हा शब्दच आपल्याला फसवतो. आमटीत पाणी घातल्यासारखं रक्त पातळ होतंय असं वाटतं. तसं काही होत नाही. रक्ताचा दाटपणा तोच राहतो, फक्त त्याची गुठळी व्हायला वेळ लागतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफेरिन आणि आपल्याकडे बरंच वापरलं जाणारं ॲसिनोकूमारोल, म्हणजे ॲसिट्रोम, व्हिटॅमिन के-चं काम अडवतात. रिव्हारॉक्साबॅन, एपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्या गुठळी बनवणाऱ्या एकेका घटकावर थेट काम करतात.

नेटवर शोधलंत तर "वॉरफेरिन म्हणजे उंदराचं विष" असंही वाचाल. ते खरं आहे, पण अर्धंच. १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात बुरशी लागलेला एक चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यामागचं रसायन शोधलं. त्याच कुळातलं वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच दिलं गेलं. विष की औषध, हे मात्रेवर ठरतं. म्हणून तर आयएनआर ही रक्ततपासणी करतात.

माझ्या आत्याच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, म्हणून तिला रोज रात्री ॲसिट्रोम. मागच्या हिवाळ्यात आठवडाभर खोकला झाला आणि एका सकाळी उजवा डोळा लाल. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, रक्त फारच पातळ झालंय तुमचं, चार दिवस गोळी बंदच ठेवा." आत्येभाऊ हिंजवडीत ऑफिसला. त्याने फोटो मला पाठवला, कारण आत्या ऐकेना. "डोळ्यातून रक्त येतंय आणि तू गोळी घे म्हणतोस?"

आता ती झडप काय करते बघा. आपल्या देशात श्री चित्रा संस्थेने तयार केलेली अशी झडप पहिल्यांदा ६ डिसेंबर १९९० रोजी तिरुवनंतपुरमला रुग्णाला बसवली गेली. तिच्यात एक चकती असते, ती हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला उघडते आणि मिटते. शरीराच्या दृष्टीने ती परकी वस्तू, म्हणून रक्त तिच्यावर गोठू बघतं. गुठळी झाली तर चकती अडकू शकते, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते. स्टेंट घातलेल्या माणसाने गोळ्या अचानक सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्याला पक्षाघाताचा धोका असतो. म्हणजे एका बाजूला आपोआप जाणारा डाग आणि दुसऱ्या बाजूला हे. दिसतं भयानक ते पहिलं, आणि जीवावर बेततं ते दुसरं.

आम्ही तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बीपी बघायला आणि त्याच दिवशी आयएनआर करायला सांगितलं. आयएनआर आला २.९. तिच्यासाठी ठरवलेली पातळी २.५ ते ३.५. रात्री गोळी नेहमीसारखी घेतली. डोळा सतराव्या दिवशी स्वच्छ. आयएनआर पाच-सहा आला असता तर डॉक्टरांनीच एखादा डोस थांबवला असता. निर्णय तो आकडा बघून डॉक्टरांनी घ्यायचा, डागाचा रंग बघून आपण नाही. नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण डॉक्टरांना कळवायचं ते आहेच.

आयएनआर वर-खाली का होतो, हेही सांगते. थंडीत मंडईत मेथी स्वस्त, मग घरात रोज मेथी. मेथी-पालकात व्हिटॅमिन के भरपूर, त्यामुळे वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोमचा परिणाम कमी होतो. डोस वाढवला जातो. सीझन संपला, भाजी बंद झाली, डोस तेवढाच, की आयएनआर चढतो. भाजी सोडायची नाही, प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. काही अँटिबायोटिक्सनेही तो चढतो. आणि गुडघा दुखतो म्हणून मनाने घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक रक्तस्रावाचा धोका वाढवते.

तर फोटो आला की पाच प्रश्न विचारा. डोळा दुखतोय का? दिसायला कमी झालंय का? त्यासाठी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयातली बारीक अक्षरं वाचायला सांगा, चष्मा असेल तर चष्मा लावून. अचानक काळे ठिपके, जाळी, वीज चमकल्यासारखं किंवा पडदा आल्यासारखं दिसतंय का? डोळ्याला मार लागलाय का? बुबुळासमोर रक्त साठल्यासारखं दिसतंय का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, उद्या नाही. रक्त डोळ्याच्या आत असेल तर बाहेरून डोळा अगदी पांढरा दिसू शकतो, विशेषतः मधुमेह असलेल्यांत. म्हणून लाली मोजू नका, नजर तपासा.

मग अंगाकडे बघा. हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारं रक्त, लाल लघवी, डांबरासारखी काळी शौच, अंगावर आपोआप उठणारे काळे-निळे डाग, यातलं काही असेल तर लगेच हॉस्पिटल. डोक्याला मार, अचानक प्रचंड डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, असं काही झालं तर थेट १०८.

यातलं काहीच नसेल, तर गोळी चालू ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून सांगायचं. डोळा चोळू नका. उजेडात रोज एक फोटो काढा, डाग कमी होतोय का ते कळेल. पुन्हापुन्हा होत असेल किंवा तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवून या.

हा भाग संपला की एक काम करा. आई-बाबांच्या फोनमध्ये इमर्जन्सी माहिती भरायची सोय असते. तिथे गोळीचं नाव, डोस, ती कशासाठी आहे आणि डॉक्टरांचा नंबर भरा. फोन लॉक असला तरी ती माहिती उघडता येते. आयएनआर होत असेल तर शेवटच्या रिपोर्टचा फोटो तुमच्याकडेही ठेवा. रविवारी रात्री लाल डोळ्याचा फोटो आला, तर शोधाशोध करावी लागणार नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, त्यांचीही आणि स्वतःचीही.