पाहुण्यांची बाली आणि बालीकरांची बाली



परस्परांना अनोळखी अशी पंधरा-वीस माणसे एकत्र येतात, ठरलेली रक्कम भरतात आणि तीन आठवड्यांसाठी इंडोनेशियातील बाली बेटावर जातात. पहिला आठवडा संस्कृतीचा, दुसरा साहसाचा आणि तिसरा सर्फिंगचा, म्हणजे फळीवर तोल सावरून समुद्राच्या लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येण्याच्या खेळाचा. अशा सामुदायिक सहली आज जगभर विकल्या जातात. हा केवळ गोऱ्या देशांच्या हौसेचा प्रश्न आहे, असे समजून तो बाजूला सारता येणार नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी बालीत उतरलेल्या परदेशी प्रवाशांत ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल संख्या होती ती भारतीयांची.

प्रवास करणाऱ्याला अपराधी ठरविणे हा या विवेचनाचा हेतू नाही. माणसाने जग पाहावे, परक्या समाजाच्या घरी जाऊन चार गोष्टी शिकाव्यात, शरीराला थोडे धाडस करावयास लावावे, यात वावगे काय आहे? प्रश्न निराळा आहे. या तीन आठवड्यांत जे विकले जाते, ते कोणाच्या श्रमातून निर्माण झाले? आणि ते विकावे की न विकावे, किती विकावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे? सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत या प्रश्नाला जागा नसते. म्हणून ती पत्रिकाच आठवड्यामागून आठवडा वाचून पाहणे उपयोगी ठरेल.

पहिला आठवडा उबुद गावाचा. संध्याकाळी देवळाच्या प्रांगणात केचाक नृत्य असते. उघड्या अंगाचे पुरुष वर्तुळाकार बसून 'चाक-चाक' असा एकसंध घोष करतात आणि मध्यभागी रामायणातील प्रसंग उभा राहतो. पाहुण्यांना वाटते, हे हजार वर्षांपूर्वीचे असावे. वस्तुतः केचाकला आजचे रूप आले ते १९३०च्या दशकात. संघ्यांग नावाच्या विधीतील पुरुषांचा घोष घेऊन बाली नर्तकांनी आणि तेथे राहणाऱ्या वॉल्टर श्पीस या जर्मन चित्रकाराने त्याला कथानकाची जोड दिली. म्हणून तो खोटा ठरत नाही. जिवंत कला बदलतच असते. पण तो बदल कोणत्या काळात झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

२० सप्टेंबर १९०६ रोजी बादुंग राज्याचा राजा आपल्या परिवारासह, शुभ्र वस्त्रे परिधान करून, डच सैन्याच्या बंदुकांसमोर चालत गेला. शरण न जाता सर्वांनी मरण पत्करण्याच्या या कृतीला बालीत 'पुपुतान' म्हणतात. १९०८ साली क्लुंगकुंग येथे त्याचीच पुनरावृत्ती झाली आणि बेटाचे स्वातंत्र्य संपले. त्यानंतर वीस वर्षांच्या आतच डच जहाज कंपनीने प्रवासी आणण्यास प्रारंभ केला, आणि १९२८ साली देनपसारमध्ये, पुपुतानच्या भूमीपासून जवळच, तिचे हॉटेल उभे राहिले. ज्यांनी राज्ये मोडली, तेच संस्कृतीचे राखणदार झाले. कारण मोडलेल्या राज्याची संस्कृती निरुपद्रवी असते आणि तिला प्रेक्षकही मिळतात.

तथापि बालीकरांनी हे सारे मुकाट्याने स्वीकारले असे समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. १९७१ साली मोठ्या पर्यटनाच्या योजना पुढे आल्या, तेव्हा तेथील जाणकारांनी परिसंवाद भरवून आपल्या नृत्यांची तीन गटांत विभागणी केली: वली, म्हणजे देवळाच्या गाभ्यातील पवित्र नृत्ये; बेबाली, म्हणजे उत्सवाला जोडलेली; आणि बालिह-बालिहान, म्हणजे निव्वळ पाहण्यासाठी असलेली. तिसरी दाखवावीत, पहिली विकू नयेत, असा त्यामागील विचार होता. ही सीमा पुढे अनेकदा ओलांडली गेली हे खरे. पण ती आखण्याची गरज यजमानांना वाटली, ही गोष्ट मोठी आहे.

भारतीय पाहुण्याने येथे आणखी एक दक्षता घ्यावयास हवी. रवींद्रनाथ ठाकूर १९२७ साली बालीस गेले होते, तेव्हापासून भारताच्या लुप्त भूतकाळाचा शोध घेण्याचे ठिकाण म्हणून या बेटाकडे पाहिले जाते. पण पितरांना, पाण्याला आणि ज्वालामुखीला केंद्रस्थानी ठेवणारा बालीचा धर्म तेथील लोकांनी स्वतः घडविलेला आहे. त्याला आपल्या घराण्याची धाकटी शाखा म्हणून वागविणे, हाही एक प्रकारचा वसाहतवादच होय.

दुसरा आठवडा साहसाचा. पहाटेच्या अंधारात बातूर या जिवंत ज्वालामुखीवर चढून सूर्योदय पाहावयाचा, आयुंग नदीच्या दरीत फुगविलेल्या रबरी होडीतून खळाळत्या पाण्यावरून खाली यावयाचे, भातखाचरांमधून सायकली फिरवावयाच्या. या तिन्ही गोष्टींना जोडणारे जे सूत्र आहे, ते पाणी. १९२६ साली बातूरच्या उद्रेकात खालचे गाव लाव्ह्याखाली गेले. तेथील लोकांनी आपल्या जलदेवतेचे, देवी दानूचे, देऊळ वर कड्यावर नेले. बेटाच्या मोठ्या भागातील शेतकरी पाण्याचे ऋण या देवळाकडे मानतात.

या पाण्याची वाटणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला 'सुबाक' म्हणतात. अकराव्या शतकातील लेखांत त्याचा उल्लेख सापडतो. एका बंधाऱ्यावर किंवा एका पाटावर अवलंबून असणारे सारे शेतकरी त्याचे सभासद असतात. खडक फोडून हातांनी खोदलेले बोगदे, पाट आणि पाणी विभागणारे लाकडी उंबरे यांची देखभाल सर्वांनी मिळून करावयाची असते, नियम सभेत ठरतात, आणि जमीन लहान असो की मोठी, मत एकच असते. खानदेशातील पांझरेच्या काठची फड बागायत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

१९७०च्या दशकात हरितक्रांतीचे धोरण या व्यवस्थेवर आदळले. नवी बियाणी घ्या, रासायनिक खते घाला, देवळाच्या पंचांगाची वाट न पाहता जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा भात लावा, असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले. काही वर्षांतच तपकिरी तुडतुडे आणि टुंग्रो रोग यांनी पिके खाल्ली. १९७९ मध्ये आशियाई विकास बँकेच्या कर्जातून सिंचनाचा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्याच्या तज्ज्ञांनाही देवळांची भूमिका दिसली नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग आणि त्यांचे सहकारी जेम्स क्रेमर यांनी संगणकावर खोऱ्याची प्रतिकृती मांडून दाखविले, की देवळांच्या पंचांगामुळे शेजारचे सुबाक एकाच वेळी शेत मोकळे ठेवतात, त्यामुळे किडीला खाद्य उरत नाही आणि ती मरते. यात एक मर्म आहे. वरच्या अंगाचा शेतकरी मनात आणील तर सारे पाणी आधी घेऊ शकतो. पण खालच्याचे वेळापत्रक बिघडले तर तेथे वाढलेली कीड त्याच्याच शेतात चढते. म्हणून तो पाणी वाटून घेतो. अधिकाऱ्यांनी ज्याला देवभोळेपणा म्हटले, ते शतकानुशतके तावून सुलाखून निघालेले सहकाराचे शास्त्र होते.

२०१२ साली युनेस्कोने सुबाकची भूमी जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. खाचरांची छायाचित्रे जगभर गेली, उपाहारगृहे आणि व्हिला त्यांच्या कडेला उगवले. देखाव्याला भाव आला, पण देखावा निर्माण करणाऱ्याला भाव मिळतो तो केवळ भाताचा. वाढत्या किमतीच्या जमिनीवर वाढता कर येतो, मुले हॉटेलात नोकरीस जातात आणि एक खाचर विकले गेले की त्यावरून जाणारा पाटही अडतो. सुबाकमध्ये एकट्याचे विकणे एकट्यापुरते राहत नाही.

तिसरा आठवडा समुद्राचा. दक्षिण हिंदी महासागरातील दूरच्या वादळांतून उठलेल्या लाटा हजारो मैल चालून बुकित द्वीपकल्पाच्या प्रवाळखडकांवर फुटतात. एप्रिल ते ऑक्टोबर या कोरड्या ऋतूत आग्नेयेकडून येणारा वारा त्या द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा कणा ताठ ठेवतो. कुटा येथे १९३६ साली हॉटेल काढणारा अमेरिकन बॉब कोक याने हा खेळ प्रथम बालीत आणला. पुढे १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियन चित्रपटकारांनी उलुवातूच्या कड्याखालील लाटा टिपल्या आणि साऱ्या जगातील तरुणांना ती वाट कळली. पाहुण्यांच्या फळ्या डोक्यावर वाहून नेणारी गावची पोरे त्यांच्याच टाकलेल्या फळ्यांवर शिकली, शिक्षक झाली, विजेते झाली. टोकियोच्या स्पर्धेत सर्फिंगला प्रथम ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, तेव्हा इंडोनेशियाच्या वतीने उतरलेला तरुण बालीच्याच लाटांवर वाढलेला होता. या खेळाने तेथील तरुणांना आत्मसन्मान दिला, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु १९३६ आणि १९७१ यांच्या मध्ये एक साल आहे, ज्याचा उल्लेख कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत सापडत नाही. १९६०च्या जमीन कायद्यानंतर बालीतील कुळे आणि भूमिहीन आपला हक्क मागू लागले होते. १९६३ साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने हजाराहून अधिक बळी घेतले आणि उपासमार आणली. अशा तणावात १९६५च्या डिसेंबरपासून सैन्याच्या आशीर्वादाने कम्युनिस्टांची आणि कम्युनिस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्यांची कत्तल सुरू झाली. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे काही महिन्यांत सुमारे ८०,००० माणसे, म्हणजे बेटावरील दर शंभरांतील जवळजवळ पाच, मारली गेली. शेतकऱ्यांच्या संघटना नामशेष झाल्या. १९६६ सालीच सानूर येथे जपानी युद्धभरपाईच्या पैशातून बांधलेले बहुमजली हॉटेल सुरू झाले, १९६९ मध्ये विमानतळ जेट विमानांसाठी खुला झाला, आणि १९७१ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने फ्रेंच सल्लागारांनी नुसा दुआच्या राखीव पर्यटनक्षेत्राचा आराखडा तयार केला. आराखडा करणाऱ्यांना शेतकऱ्यांचे मत विचारण्याची अडचण पडली नाही. विचारावे अशी त्यांची संघटनाच उरली नव्हती. हसतमुख, शांत, राजकारणापासून अलिप्त अशी जी बाली जाहिरातीत दिसते, तिच्या शांततेचा एक उगम येथे आहे.

पर्यटनाने बालीला काहीच दिले नाही, असे म्हणणे दांभिकपणाचे होईल. रस्ते आले, शाळा आल्या, अनेक कुटुंबांनी दारिद्र्य मागे टाकले. अनेक ठिकाणी नृत्याचे उत्पन्न गावच्या बांजारला, म्हणजे वाडीच्या सभेला, मिळते आणि देवळाच्या खर्चास लागते. पण एकाच धंद्यावर उभे राहिलेले घर किती तकलादू असते, याचा अनुभवही बालीकरांनी घेतला. १२ ऑक्टोबर २००२ रोजी कुटा येथील बॉम्बस्फोटांत २०२ माणसे गेली आणि हॉटेले ओस पडली. २०१९ साली बासष्ट लाखांवर परदेशी प्रवासी आले होते. साथीच्या काळात, २०२१च्या संपूर्ण वर्षात, सरकारी नोंद झाली ती अवघ्या ५१ जणांची. त्या दिवसांत हॉटेलातून घरी पाठविलेले कामगार गावच्या शेताकडे परतले, तर नुसा लेंबोंगान बेटावर पुन्हा समुद्रशेवाळाची शेती करू लागले. बेकारीत आधार दिला तो जमिनीने आणि समुद्राने. ती जमीन विकून झाल्यावर पुढच्या संकटात माणसे कोठे परततील?

यावर उपाय कोण काढणार? बालीकरांनी स्वतःच एक वाट दाखविली आहे. दक्षिणेकडील बेनोआ उपसागरात सुमारे ७०० हेक्टर भराव घालून कृत्रिम बेटे उभारण्याची योजना २०१३ मध्ये पुढे आली. २०१४ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने उपसागराचे संरक्षण काढून घेण्यात आले. तेव्हा कोळी, विद्यार्थी, गायक आणि पारंपरिक ग्रामसभा एकत्र आल्या. गावोगावी ठराव झाले, वर्षानुवर्षे मोर्चे निघाले. २०१८ साली परवान्याची मुदत संपली, आणि २०१९ मध्ये उपसागर सागरी संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या तरुणांनी आलिशान पर्यटनाविरुद्ध जो आवाज उठविला, त्याचे बेनोआशी नाते आहे. पाहुण्यांविषयी द्वेष हा या लढ्यांचा पाया नव्हता. आपल्या किनाऱ्याविषयीचा निर्णय आपल्याला घेऊ द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीत येणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशाकडून दीड लाख रुपिया, संस्कृती आणि निसर्ग यांच्या रक्षणासाठी म्हणून, घेतले जाऊ लागले. शुल्क योग्यच आहे. पण शुल्क भरल्याने निर्णयाचा अधिकार यजमानाकडे परत जात नाही. म्हणून तीन आठवड्यांच्या सहलीस निघणाऱ्याने काही साधे प्रश्न विचारावेत. राहण्याची जागा कोणाच्या मालकीची आहे? तिच्या तलावाचे पाणी कोणत्या विहिरीतून येते आणि शेजारच्या विहिरींचे काय झाले? वाटाड्याला, झाडलोट करणाऱ्या बाईला, जावा बेटावरून आलेल्या बांधकाम मजुराला किती मजुरी मिळते? हे नृत्य दाखविण्याचे गावाने ठरविले आहे की दलालाने? एकटा प्रवासी हे प्रश्न विचारून फार काही बदलू शकत नाही. पण पंधरा-वीस जणांचा गट मिळून विचारू लागला, तर आयोजकाला उत्तर द्यावेच लागते.

सुबाकमध्ये पाटाच्या तोंडाशी असलेला शेतकरीही शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याबरोबर सभेत बसतो आणि त्याचे मतही एकच असते. पर्यटनाच्या पाटाच्या तोंडाशी आज पैसेवाला पाहुणा आणि भांडवलवाला आयोजक बसले आहेत. ज्याच्या शेतातून पाट जातो, तो शेवटच्या टोकाला आहे. खालच्याचे शेत बुडाले की कीड वर चढते, हे बालीच्या शेतकऱ्याला शतकांपूर्वी उमगले. पाहुण्यांनी आणि आयोजकांनी बालीकडून काही शिकून यावयाचे असेल, तर ते हेच आहे.