उजेडाचं माप

कवीला फोटोवर बोलायला उभं केलंत. ठीक. कविता काय नि फोटो काय, आपलं तोंड आपणच मांडायचं, सवाल तोच आहे.

आजवर आपले फोटो कुणी काढले? १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारनं ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड छापले. माणसं जातवार, नमुन्यासारखी उभी केली. त्यानंतर पोलिसांनी काढले. अत्याचार झाला की पेपरवाल्यांनी काढले. दरवेळी दिवा दुसऱ्याच्या हातात.

आणि स्टुडिओवाला? तो आधी पावडरचा डबा पुढं करतो. माझ्याही तोंडाला एकानं फासली होती. मग निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गाल उजळायचे. म्हणजे खोट कातडीत! आज मोबाईलमधलं ‘ब्यूटी’चं बटण हा तोच पावडरचा डबा.

खोट मापात आहे. कॅमेऱ्यातलं मीटर समोर दिसेल त्याला मधला करडा रंग समजतं, शेकडा १८ उजेड परत फेकणारा. मागं पांढरा पडदा टांगा. मीटर पडद्याला करडा करतं नि आपल्या चेहऱ्याचा कोळसा. रंगीत फिल्मचीही तीच तऱ्हा. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी लॅबना शर्ली कार्ड पाठवायची. त्यावर गोरी बाई. तिची कातडी नीट उतरली की साऱ्या दुनियेची उतरली म्हणायचं!

तेव्हा दिवा आपल्या हातात घ्या. मीटरनं कातडी मोजू नका, कातडीवर पडणारा उजेड मोजा. चेहऱ्याच्या जागी करडं कार्ड धरून मोजलंत तरी चालेल. दिवा एका बाजूला, डोळ्यांच्या जरा वर. त्याच्यापुढं थोडं अंतर ठेवून मोठं पांढरं कापड. काळ्या कातडीवर उजेड चकाकतो. कपाळ, गालाचं हाड बोलायला लागतं. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा. मागच्या पडद्यावर छोटा दिवा, म्हणजे केस अंधारात बुडत नाहीत. खुर्चीत डोक्याच्या उंचीला काठी बांधा, तिच्यावर फोकस करा, काठी काढा, टायमर दाबा नि बसा.

मग फोटो भिंतीला लावून सगळ्यांनी झोडपा. ‘छान आलाय’ म्हणणारा दोस्त कामाचा नाही. डोळ्यात दिव्याचा ठिपका आहे का? सावलीतला कान दिसतो का? उजळ दिसावं म्हणून उजेड वाढवलाय का? आणि हा माणूस बसायची परवानगी मागतोय, की बसलाय?

मध्य आफ्रिकेत बांगी शहरात १९७५ साली सॅम्युएल फोसो नावाच्या तेरा वर्षांच्या पोरानं स्टुडिओ टाकला. बियाफ्राच्या युद्धातनं वाचलेलं पोर. दिवसा गिऱ्हाइकांचे फोटो काढायचा. स्टुडिओ बंद झाला की रोलात उरलेल्या फिल्मवर स्वतःचे. ते फोटो पुढं जगभरच्या प्रदर्शनांत लागले.

उरलेली फिल्म त्याला पुरली. आपल्याकडं उरलेलं खूप आहे. दिवा लावा.

जय भीम!